कर्वे मास्तरांची भूमिती

आपल्या बॅचच्या ग्रुपवर स्मरणिकेसाठी लेख पाठवण्याचा तगादा सुरू झाला तेव्हा मी बरेच दिवस गप्प राहिले. शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा बरे लिहितात. मग एका रात्री मुलीला भूमिती समजावून द्यायला बसले आणि धड्याच्या पहिल्याच पानावर अडकले. बिंदू म्हणजे नक्की काय, हे तिला सांगता येईना. वीस वर्षांहून जास्त काळ सॉफ्टवेअरमध्ये काम करते आहे, पण तेवढे एक वाक्य जमेना.

त्या रात्री आपल्या सरांचा भूमितीचा पहिला तास आठवला. सरांचे नाव लिहीत नाही. ज्यांनी तो तास अनुभवला त्यांना ते सांगायला नको. सरांनी फळ्यावर खडूने एक ठिपका काढला आणि हा बिंदू आहे का, असे विचारले. सगळा वर्ग हो म्हणाला. सरांनी खडू दाबून तो ठिपका रुपयाएवढा केला आणि पुन्हा तेच विचारले. आता वर्गात दोन तट पडले. मग सरांनी डस्टर घेऊन ठिपका पुसला, आणि आता बिंदू कुठे गेला ते सांगा म्हणाले. बोलती बंद. बिंदू म्हणजे फक्त जागा, ठिपका ही तिची खूण. खूण पुसली तरी जागा तिथेच राहते, हे त्या तासाला कळले. रेषेसाठी सरांनी गवंड्याची दोरी आणली होती. दोन पोरांनी दोन टोके धरून ताणायची, मग मनात ती दोन्ही बाजूंनी वाढवत न्यायची, एकीकडे मिऱ्या बंदरावरून समुद्रात आणि दुसरीकडे आंबा घाटावरून देशावर, आणि मनातच तिची जाडी काढून टाकायची. प्रतल म्हणजे भरतीच्या वेळचे भाट्याच्या खाडीचे निवांत पाणी, पण कडा नसलेले. तीन गोष्टी, तिन्ही कुणालाही दाखवता न येणाऱ्या, आणि पुढची सगळी भूमिती त्यांच्यावर उभी.

हे आठवता आठवता मनात आले की रत्नागिरी जिल्ह्याने महाराष्ट्राला गणिताचे मास्तर किती दिले! टिळकांचा जन्म इथलाच, १८५६ सालचा. त्यांचे वडील गंगाधरपंत शिक्षक, आणि टिळक स्वतः पुण्यात गणित शिकवत. गोपाळ कृष्ण गोखले कोतळूकचे. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कित्येक वर्षे शाळांत चालले. रँग्लर परांजपे मुर्डीचे. आणि धोंडो केशव कर्वे मुरूडचे. या चौघांपैकी कर्व्यांबद्दल लिहावेसे वाटले, कारण ते गणिताचे मास्तर होते हेच आपण विसरलो आहोत. महर्षी म्हटले की पांढरी दाढी, हिंगणे, विधवाश्रम आणि भारतरत्न डोळ्यांसमोर येते. पण वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत या माणसाचे पोट गणित शिकवण्यावर चालले. माझे त्यांच्याशी एक भांडणही आहे. ते पुढे येईल.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी शेरवलीला. घर मुरूडचे, म्हणजे दापोलीच्या किनाऱ्यावरचे. घराणे एके काळी संपन्न होते म्हणतात, पण अण्णांच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. वडील दुसऱ्यांच्या इस्टेटीवर कारभारी. मुरूडला सोमण गुरुजी म्हणून एक शिक्षक होते. गावाला जगाची खबर असावी म्हणून दुर्गादेवीच्या देवळात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे काम ते या लाजाळू मुलाकडून करून घेत. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या मुलाला बोलते करण्याचा हा उपाय आजही एखाद्या वर्गशिक्षकाने करून पाहावा असा आहे. लाजाळूपणा मात्र गेला नाही, तो जन्मभर राहिला.

१८७५ सालची साताऱ्याची गोष्ट आपल्याला पाठ्यपुस्तकात होती, तरी पुन्हा सांगते, कारण तिच्यात भूमिती आहे. मराठी सहावीच्या परीक्षेचे केंद्र सातारा. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे समुद्रमार्गे मुंबई गाठून पुण्यावरून साताऱ्याला जायची वाट बंद. मग सोबती घेऊन अण्णा पायी निघाले. नकाशावर मुरूड आणि सातारा या दोन बिंदूंवर पट्टी ठेवून मोजले तर अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही. मी मोजले आहे. पण मध्ये सह्याद्री उभा. पायवाटा, ओढे, जंगल, घाट असे करत ती वाट ११० मैलांची झाली, म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे किलोमीटर. दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर सरळ रेषेचे, हे पुस्तकात खरे आणि कोकणात खोटे. चार दिवस चालून पोरे साताऱ्याला पोचली. परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी या किडकिडीत मुलाकडे पाहिले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरवले आणि परीक्षेला बसू दिले नाही. वय पुरेसे होते, दाखला होता, पण दिसण्यावर निकाल लागला. आल्या वाटेने परत. पुढे ते कोल्हापूरहून ती परीक्षा पास झाले.

इंग्रजी शिकायला ते आपल्या रत्नागिरीतही येऊन राहिले होते. पण तब्येतीने साथ दिली नाही, आजारी पडून मुरूडला परत गेले. (आपण मात्र इथल्या पावसात भिजून, ओल्या दप्तरासकट दहावी झालो.) नंतर मुंबईला रॉबर्ट मनी शाळा. मॅट्रिक झाले तेव्हा वय तेवीस, साल १८८१. लग्न कधीच झालेले होते. शिकवण्या करायच्या, त्यातून फी भरायची, उरलेले घरी पाठवायचे. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले. त्याच वर्षी त्याच कॉलेजातून गोखलेही बी.ए. झाले. वयात आठ वर्षांचे अंतर, पण ओळख तिथली, आणि ती पुढे कामी आली.

मग सुरू झाली मुंबईतली मास्तरकी. ही सात वर्षे चरित्रांत दोन परिच्छेदांत उरकलेली असतात, मला मात्र ती फार महत्त्वाची वाटतात. पहाटे चारच्या सुमारास उठायचे, माझगावच्या सेंट पीटर्स शाळेतल्या मुलांना शिकवायला चालत जायचे, तिथून पुढे कॅथीड्रल मुलींची शाळा, अलेक्झांड्रा मुलींची शाळा, मध्ये खासगी शिकवण्या. म्हणजे मुरूडचा हा माणूस ज्या काळात आपल्याकडच्या बहुतेक मुलींना पाटीही मिळत नव्हती त्या काळात मुंबईत गोऱ्या, पारशी मुलींना गणित शिकवत होता. मुलींना गणित येते की नाही, हा वाद त्यांनी ऐकून नव्हे, वह्या तपासून सोडवलेला असणार. हे लक्षात ठेवा, कारण माझे भांडण इथूनच सुरू होते.

त्या काळी भूमिती म्हणजे युक्लिड. विषयाचे नावच युक्लिड. अंकगणिताचा तास, बीजगणिताचा तास आणि युक्लिडचा तास. टॉडहंटरसाहेबांनी इंग्रजीत लावून दिलेला युक्लिड इकडच्या शाळांतही चाले. पुस्तक उघडले की पहिल्या पानापासून व्याख्यांची रांग. बिंदू म्हणजे ज्याला भाग नाहीत तो. रेषा म्हणजे रुंदी नसलेली लांबी. मग पृष्ठ, कोन, वर्तुळ, त्रिकोण. त्यानंतर गृहीतके, आणि मग प्रमेये, एकाच्या खांद्यावर दुसरे. पहिल्याच कृत्यात दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढायचा. पाचवे प्रमेय समद्विभुज त्रिकोणाच्या पायाकडच्या कोनांचे. तिथे कच्चे विद्यार्थी गळायचे म्हणून त्याला गाढवांचा पूल असे नाव पडले होते. मुले प्रमेये आकृतीतल्या अक्षरांसकट घोकत. अक्षरे बदलली की प्रमेय विसरले!

शिकवणाऱ्याची खरी पंचाईत होई ती पहिल्या पानावर. ज्याला भाग नाहीत असे काय असते, हे दहा-बारा वर्षांच्या मुलाला सांगायचे कसे? घोकून घेणे सोपे, म्हणून बहुतेक मास्तर घोकून घेत. आणि खरे सांगायचे तर ती व्याख्या पुढे कुठल्याही प्रमेयात वापरावी लागत नाही. १८९९ साली जर्मनीत हिल्बर्टने भूमितीची नवी मांडणी केली तेव्हा त्याने बिंदू, रेषा आणि प्रतल यांच्या व्याख्या करण्याचा नाद सोडून दिला. ती काय आहेत ते विचारू नका, ती एकमेकांशी कशी वागतात तेवढे ठरवून घ्या. दोन बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते. पुढे आपल्या पुस्तकात मूलभूत संबोध म्हणून जे आले ते हेच. तीन पायांचे स्टूल कधी डुगडुगत नाही आणि चार पायांचे डुगडुगते, याचे कारण सरांनी याच धड्यात सांगितले होते. मुलीला मी शेवटी त्या रात्री स्टूल दाखवले. बिंदू काय आहे ते तिला सांगता आले नाही, पण तीन बिंदू काय करतात ते लगेच पटले.

कर्वे वर्गात नेमके कसे शिकवत, याचा आव मी आणणार नाही. ते हजरजबाबी वक्ते नव्हते. टिळक फळ्याकडे न वळता गणिते तोंडी सोडवून दाखवत असे सांगतात. वर्गाने मागे पडावे आणि धापा टाकत यावे. कर्व्यांचा स्वभाव याच्या उलटा. स्वतःच्या बुद्धीबद्दल त्यांना कधी मोठा भ्रम नव्हता. जे मिळवले ते चिकाटीने मिळवले, हे त्यांचे आत्मवृत्त वाचताना पानोपानी जाणवते. अशा माणसाला विद्यार्थी कुठे अडतो ते कळते, कारण तो स्वतः तिथे अडलेला असतो. माझा अनुभव तरी असा की वर्गात पहिल्या येणाऱ्या मैत्रिणीपेक्षा पाचव्या-सहाव्या नंबरची मैत्रीण गणित चांगले समजावते. ती पाचवी-सहावी मैत्रीण हा लेख वाचत असेल, तिने ओळखून घ्यावे.

१८९० च्या अखेरीस टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. फर्ग्युसन कॉलेजात गणिताला माणूस हवा होता. गोखल्यांनी एल्फिन्स्टनचा जुना सोबती आठवून कर्व्यांना बोलावले. आपल्याला कॉलेजात शिकवणे झेपेल का, अशी शंका कर्व्यांना होती. पण ते गेले. ते वर्ष १८९१. टिळकांच्या जागी कर्वे आणि बोलावणारे गोखले, म्हणजे खुर्ची सोडणारा, भरणारा आणि भरवणारा असे तिघेही रत्नागिरी जिल्ह्याचे. त्याच वर्षी राधाबाई गेल्या. राधाबाईंना अण्णांनी घरीच लिहावाचायला शिकवले होते. मागे मुलगा रघुनाथ राहिला. तोही मोठेपणी गणिताचा प्राध्यापक झाला आणि संततिनियमनाच्या प्रचारापायी त्याला ती नोकरी सोडावी लागली. ती वेगळी, मोठी गोष्ट आहे.

घरात आणखी एक रघुनाथ वाढत होता, नात्यातला, मुर्डीच्या परांजप्यांचा. कर्व्यांनी त्याला शिक्षणासाठी आपल्याकडे आणले होते. मुंबईत आणि मग पुण्यात तो त्यांच्या देखरेखीखाली शिकला. १८९६ साली केंब्रिजला गेला आणि १८९९ साली तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला, म्हणजे सीनियर रँग्लर झाला. ही जागा मिळवणारा पहिला भारतीय. हिल्बर्टचे पुस्तक निघाले तेच वर्ष. रघुनाथराव परत आले आणि फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. ज्याला हाताला धरून आणले तो आपला प्राचार्य झाला आणि कर्वे त्याच्या हाताखाली गणित शिकवत राहिले. मास्तर माणसाला याहून मोठे बक्षीस काय असते, ते आपल्या शिक्षकांनी सांगावे. या अंकाचे निम्मे वाचक त्या अनुभवातले आहेत.

आता पुनर्विवाह. देवरुखच्या जोशांची गोदूबाई, कर्व्यांचे स्नेही नरहरपंतांची बहीण, आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेली. मोठेपणी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकायला आली. ११ मार्च १८९३ ला कर्व्यांनी तिच्याशी लग्न केले. ती आनंदीबाई झाली आणि पुढे सगळ्यांची बाया कर्वे. मुरूडने बहिष्कार घातला. गावात आले तर त्यांना घरात घ्यायचे नाही, पंक्तीला बसवायचे नाही, असे ठरले. ज्या गावच्या भल्यासाठी मुंबईच्या कमाईतून मित्रांबरोबर मुरूड फंड उभा केला, त्या गावाने हे केले. आईला आणि थोरल्या भावाला गावात तोंड दाखवणे कठीण झाले. कर्व्यांनी भांडण केले नाही, गावाशी संबंधही तोडला नाही. ते येत राहिले, वेगळे उतरत राहिले.

१८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम सुरू झाला. शहरातला विरोध आणि प्लेग यांमुळे तो १९०० साली हिंगण्याच्या माळावर हलवला. माळावर एक झोपडी. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित, संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामान घेऊन पायी हिंगणे, रात्री तिथे शिकवणे आणि मुक्काम, सकाळी पुन्हा पायी पुणे. रस्ता म्हणावा असा रस्ता नव्हता, पावसात चिखल. असे दोन वर्षे चालले. साताऱ्याला जाऊन आलेल्या पायांना चार मैल जड नसतील. पण साताऱ्याला एकदाच जायचे होते. त्या झोपडीत शिकलेल्यांत बायांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले होत्या. मोठेपणी अक्षर गिरवायला सुरुवात केली आणि पुढे आश्रमासाठी देणग्या मागत त्या गावोगाव हिंडल्या, अमेरिकेपर्यंत गेल्या.

आता भांडण. १९१४ साली कर्वे फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. त्यावरून १९१५ च्या सामाजिक परिषदेत त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते सुरू केले. मदतीला रा. गो. भांडारकर होते, त्यांचेही शालेय शिक्षण आपल्या रत्नागिरीतले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी एक विषय म्हणून. पदवीचे नाव गृहीतागमा. आणि अभ्यासक्रमात गृहजीवनशास्त्र, आरोग्य हे विषय सक्तीचे, गणित ऐच्छिक.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला राग आला होता. तीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाने, मुंबईच्या मुलींच्या वह्या तपासलेल्या माणसाने असे करावे! त्यांच्याच कॉलेजचे प्राचार्य असलेल्या आगरकरांनी कितीतरी आधी मुलामुलींना एकच शिक्षण हवे असे लिहून ठेवले होते. कर्व्यांचा हिशोब वेगळा होता. मुलींची लग्ने लवकर होतात, हातात वर्षे मोजकी असतात, इंग्रजीतून सगळे विषय करता करता निम्म्या गळतात. तेव्हा ज्यांना मुळीच शिकायला मिळणार नाही त्यांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या उपयोगाचे काही तरी मिळू दे. ज्यांना मुलांबरोबरीने परीक्षा द्यायच्या आहेत त्यांना जुनी विद्यापीठे उघडी आहेतच. हिशोब व्यवहारी आहे, आणि त्या काळच्या आकड्यांत बसणाराही असेल. तरी माझे समाधान होत नाही.

कारण भूमितीतून क्षेत्रफळ काढता येते एवढ्यापुरती ती कामाची नाही. शाळेत तो एकच विषय असा आहे जिथे मोठे सांगतात म्हणून काही मान्य करायचे नसते. सुरुवातीला दोन-चार गोष्टी मान्य करून घेतात, त्याही उघडपणे, गृहीतके असे नाव देऊन. त्यानंतर प्रत्येक पायरीला कारण लिहावे लागते. मास्तरांनी फळ्यावर चूक केली तर सातवीतली मुलगी उठून दाखवू शकते आणि मास्तरांना खडू खाली ठेवावा लागतो. आपल्या सरांना एकदा आपल्यातल्या एकीने असे अडवले होते. सर हसले, फळा पुसला आणि तिलाच पुढे बोलावले. जिला घरात का असे विचारायची सोय नाही, तिला हा विषय सर्वांत आधी मिळायला हवा होता.

माझी आत्या जुन्या अकरावीच्या मॅट्रिकला बीजगणित-भूमितीशिवाय बसली. तेव्हा ते विषय सोडता येत असत. मुलीच्या जातीला कशाला, असे घरी ठरले आणि तिनेही मान डोलावली. विणकामात ती इतकी हुशार होती की मोजमापे न लिहिता, केवळ मनातल्या आकृतीवरून स्वेटरची बाही जुळवायची. तिच्या ठिपक्यांच्या रांगोळ्या पाहिल्या तर त्यातली सममिती कुणीही सांगेल. भूमिती तिच्या बोटांत होती, गुणपत्रिकेत नव्हती. तिच्या बाबतीत कर्व्यांचा काही दोष नाही, हे मला कळते. तरीही ऐच्छिक हा शब्द दिसला की मला ती आठवते.

मग वाटते, ज्या माणसाला मी हे विचारते आहे त्याने तो प्रश्न विचारणारी मुलगी शाळेपर्यंत येईल याची सोय करण्यात साठ वर्षे घालवली. दोन्ही खरे आहे.

पुढचे थोडक्यात. १९२० साली ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. १९२९ साली, एकाहत्तरीत, कर्वे जगप्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका, जपान, मग आफ्रिका. बर्लिनमध्ये ते आईन्स्टाईनना भेटले. जन्मभर युक्लिडची सरळ रेषा शिकवलेला मास्तर आणि ती रेषा वाकवून दाखवणारा शास्त्रज्ञ समोरासमोर बसलेले डोळ्यांसमोर आणायला मला फार आवडते. आल्यावर खेड्यांतल्या प्राथमिक शाळांचे काम काढले, नंतर समता संघ. १९५१ साली महिला विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाली, म्हणजे पस्तीस वर्षांनी. १९५५ साली पद्मविभूषण, १९५८ साली, वयाच्या शंभरीत, भारतरत्न. ९ नोव्हेंबर १९६२ ला गेले तेव्हा वय १०४. मुंबईतल्या क्वीन्स रोडला आता त्यांचे नाव आहे. त्या रस्त्यावरून लोकलला धावणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की हा माणूस याच शहरात पहाटे चालत शिकवण्यांना जायचा!

हिंगण्याचे आता कर्वेनगर झाले आहे. कर्व्यांच्या संस्थेने १९९१ साली त्याच आवारात मुलींचे इंजिनिअरिंग कॉलेज काढले, कमिन्स नावाचे. बारावीनंतर मला तिथे प्रवेश मिळाला. रत्नागिरीहून रात्रीच्या एसटीने बाबा मला सोडायला आले होते. पहिल्या सत्रात इंजिनिअरिंग ड्रॉइंग हा विषय होता, आणि त्याचा क्रम असा: आधी बिंदूंचे प्रक्षेप, मग रेषांचे, मग प्रतलांचे. सगळ्या वर्गाला सक्तीचा.

पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर एक आडवी रेषा मारली, तिच्या वर एक ठिपका काढला आणि हा बिंदू आडव्या प्रतलाच्या वर आहे असे सांगितले. माझ्या शेजारी बसलेल्या नगरच्या मुलीला ते प्रतल कुठे आहे ते दिसेना. मी तिला भाट्याच्या खाडीचे पाणी सांगितले. तिने खाडी पाहिलेली नव्हती. मग टेबल सांगितले, तेव्हा जमले.

तास सुटल्यावर ड्राफ्टर आणि शीटची नळकांडी खांद्याला लावून आम्ही दोघी कर्व्यांची झोपडी पाहायला गेलो. ती तिथे जपून ठेवलेली आहे. नव्या विद्येचा उत्साह होता, म्हणून बाहेर कट्ट्यावर बसून मी वहीच्या मागच्या पानावर तिचे समोरचे दृश्य काढले. भिंती, दार, वर उतरते छप्पर, इतकेच. बाजूचे दृश्य नगरच्या मुलीने काढले. तिच्या छपराचा कोन माझ्याशी जुळेना, आणि कुणाचा बरोबर यावर मेसची घंटा होईपर्यंत आमचा वाद चालला. ती वही रत्नागिरीच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. संमेलनाला येईन तेव्हा काढून आणते.